निकाल आधी, चौकशी मागून
('शार्डलेक' या दूरचित्रवाणी मालिकेच्या निमित्ताने)

गुन्हा घडतो, शोधक येतो, जबान्या होतात आणि अखेरच्या प्रकरणात गुन्हेगाराच्या खांद्यावर हात पडतो, हा रहस्यकथेचा साचा मराठी वाचकास फार जुन्या काळापासून परिचित आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तिका अभ्यासाच्या वहीखाली लपवून वाचणाऱ्या आमच्या पिढीस तर तो तोंडपाठ आहे. या साच्याच्या मुळाशी एक गृहीत असते आणि त्याकडे सहसा आपले लक्ष जात नाही. शोधकाने शोधलेले सत्य शेवटी कोणाच्या तरी हाती सोपवायचे असते; तो पोलीस अधिकारी असो, न्यायाधीश असो अथवा राजा असो, तो त्या सत्याचा मान राखील, असे ते गृहीत होय. हा विश्वास काढून घेतला तर रहस्यकथेचे काय उरते, हा प्रश्न ज्या कलाकृतीने आमच्यापुढे उभा केला, तिचा परिचय करून देण्याचा आणि तिच्या गुणदोषांची चर्चा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'शार्डलेक' ही चार भागांची इंग्रजी मालिका १ मे २०२४ रोजी डिस्ने प्लस या सेवेवर प्रदर्शित झाली. स्टीफन बुचर्ड यांचे लेखन आणि जस्टिन चॅडविक यांचे दिग्दर्शन तिला लाभले आहे. सी. जे. सॅन्सम यांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या 'डिसोल्यूशन' या कादंबरीवर ती आधारलेली आहे. सॅन्सम हे इतिहासाचे डॉक्टरेट मिळविलेले अभ्यासक. पुढे त्यांनी वकिलीचे शिक्षण घेतले, काही वर्षे वकिली केली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते कादंबरीकडे वळले. मॅथ्यू शार्डलेक या कुबड असलेल्या वकिलाला नायक करून त्यांनी २००३ ते २०१८ या काळात सात कादंबऱ्या लिहिल्या. मालिका पडद्यावर येण्याच्या अवघे चार दिवस आधी, २७ एप्रिल २०२४ रोजी, त्यांचे निधन झाले. इतिहास आणि कायदा या दोन्ही शास्त्रांची शिस्त अंगी मुरलेला लेखक रहस्यकथेकडे वळला म्हणजे काय घडते, याचा त्यांच्या कादंबऱ्या हा उत्तम नमुना आहे.

कथानक थोडक्यात असे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने रोमच्या पोपशी संबंध तोडून स्वतःस इंग्लंडच्या धर्मसंस्थेचा प्रमुख घोषित केले आहे. त्याचा मुख्य सचिव थॉमस क्रॉमवेल देशभरातील ख्रिस्ती मठ बंद करून त्यांच्या जमिनी व संपत्ती राजाच्या पदरात टाकण्याच्या उद्योगात आहे. समुद्राकाठच्या स्कार्नसी या गावी सेंट डोनॅटस नावाचा एक मठ आहे. तेथे क्रॉमवेलचा आयुक्त रॉबिन सिंगलटन गेला असता त्याचा शिरच्छेद करून खून होतो. खुनाचा छडा लावण्यासाठी क्रॉमवेल शार्डलेक यास पाठवितो आणि त्याच्यासोबत जॅक बॅरक हा आपला तरुण हस्तक देतो. मठाच्या भिंतीआड मठाधिपती आहे, हिशेब सांभाळणारा खजिनदार आहे (आपल्या जुन्या परिभाषेत पोतनीस म्हणावा असा), रुग्णशाळा चालविणारा परदेशी मठवासी आहे, तेथे काम करणारी ॲलिस नावाची तरुणी आहे. प्रत्येकाजवळ काही ना काही झाकण्याजोगे आहे. खुनी कोण, हे येथे सांगून वाचकांचा रसभंग आम्ही करणार नाही. त्याची गरजही नाही, कारण आमच्या मते या कथेचे मर्म खुन्याच्या नावापेक्षा शार्डलेकच्या हाती दिलेल्या आज्ञेत आहे.

ती आज्ञा दुहेरी आहे. खुनी शोधून काढ, ही तिची एक बाजू. आणि मठ राजाच्या स्वाधीन करण्यास मठवासीयांना राजी कर, ही दुसरी. ज्याने सेवेत असताना कधी ना कधी चौकशी अधिकारी म्हणून काम पाहिले आहे, त्यास या आज्ञेतील अडचण तत्काळ उमगेल. चौकशी करणाऱ्याने निष्कर्षाविषयी तटस्थ असावे लागते. येथे मठ दोषी ठरणे हीच वरिष्ठांची गरज आहे. खुनी मठवासी निघाला तर मठ बुडविण्यास निमित्त मिळेल; खुनी बाहेरचा निघाला तर वरिष्ठांचा हिरमोड होईल. निकाल आधी लिहून झाला आहे आणि चौकशी मागून होणार आहे. मग शार्डलेकच्या प्रामाणिकपणास अर्थ तो काय राहिला?

हा पेच सॅन्सम यांनी कल्पनेने निर्माण केलेला नाही; तो इतिहासातून उचललेला आहे. इंग्लंडमधील मठांचे विसर्जन हा सर्वार्थाने एक दफ्तरी उद्योग होता. १५३५ साली क्रॉमवेलने देशातील सर्व धर्मसंस्थांच्या उत्पन्नाची मोजदाद करविली. 'व्हॅलर एक्लेसियास्टिकस' या नावाने प्रसिद्ध असलेली ती पाहणी म्हणजे एका परीने जमाबंदीच होती. कोणत्या मठाची किती जमीन, किती खंड, किती देणे, याचा तपशील तीत नोंदलेला आहे. तिच्या पाठोपाठ आयुक्तांचे पथक मठामठांतून फिरले आणि तेथील नैतिक स्खलनांचे अहवाल त्याने तयार केले. या अहवालांच्या आधारे १५३६ साली कायदा संमत झाला आणि ज्यांचे वार्षिक उत्पन्न दोनशे पौंडांहून कमी, असे लहान मठ बंद करण्याचे ठरले. या कायद्याच्या प्रास्ताविकात एक मौज आहे. लहान मठांत अनाचार माजला आहे आणि मोठ्या मठांत मात्र धर्माचरण उत्तम चालले आहे, असा त्याचा आशय आहे. याचा अर्थ असा की, इंग्लंडात पाप नेमके दोनशे पौंडांच्या रेषेपाशी येऊन थांबत होते! महसुली रेषा आणि नीतीची रेषा इतकी काटेकोर जुळून आल्याचे उदाहरण प्रशासनाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

पुढे मोठ्या मठांची पाळी आली तेव्हा हे प्रास्ताविक आड येऊ लागले. त्यावर तोडगा निघाला तो 'स्वेच्छेने' दिलेल्या शरणपत्रांचा. आयुक्तांनी मठात जावे, मठाधिपतीस आणि मठवासीयांस दोन गोष्टी सुनवाव्या, निवृत्तिवेतनाचे आमिष दाखवावे आणि आम्ही राजीखुशीने सर्व मालमत्ता राजास अर्पण करीत आहोत अशा मजकुरावर सह्या घ्याव्या. १५३७ च्या नोव्हेंबरात ससेक्समधील ल्यूइस येथील मोठा मठ याच मार्गाने गेला. सॅन्सम यांनी आपल्या कादंबरीसाठी तोच परगणा आणि तोच महिना निवडला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांची इतिहासावरील पकड ध्यानात येते. या शरणपत्रांस कायद्याचा आधार काय, असे कोणी विचारू नये म्हणून १५३९ साली दुसरा कायदा करण्यात आला आणि आधी झालेल्या व पुढे होणाऱ्या सर्व शरणपत्रांना मान्यता देण्यात आली. आपल्या सरकारी भाषेत यास कार्योत्तर मंजुरी म्हणतात. १५४० च्या मार्चमध्ये वॉल्थमचा मठ शरण आला आणि चार वर्षांत आठशेच्या आसपास धर्मसंस्था इंग्लंडच्या नकाशावरून पुसल्या गेल्या. ज्यांनी सह्या केल्या त्यांना निवृत्तिवेतन मिळाले. ग्लॅस्टनबरीच्या वृद्ध मठाधिपतीने, रिचर्ड व्हाइटिंग याने, ऐकले नाही. त्यास नोव्हेंबर १५३९ मध्ये फाशी देण्यात आले. क्रॉमवेलच्या स्वतःच्या टिपणवहीत व्हाइटिंगविषयी नोंद आहे. त्याचा खटला चालवावा आणि त्यास देहान्त शासन द्यावे, अशी दोन्ही कामे तीत एका दमात लिहिलेली आहेत. खटल्याचा निकाल काय लागतो याची वाट पाहण्याची लेखकास गरज वाटलेली नाही.

या पार्श्वभूमीवर कथेतील खुनाकडे पाहावे. शार्डलेक जसजसा खोलात जातो, तसतसे त्यास कळत जाते की, सिंगलटनच्या मृत्यूचे धागे मठाच्या आवारात संपत नाहीत. ते लंडनच्या टॉवरपर्यंत, मे १५३६ च्या एका खटल्यापर्यंत जातात. त्या महिन्यात राणी ॲन बोलिन हिच्यावर व्यभिचाराचा आरोप ठेवून तिचा शिरच्छेद करण्यात आला. तिच्याशी संबंध असल्याच्या आरोपावरून ज्यांना मारले, त्यांत मार्क स्मीटन नावाचा एक तरुण वादक होता. इतर सर्वांनी आरोप नाकारला. या एकट्याने कबुली दिली. मठातील ब्रदर जेरोम हा कार्थुजियन पंथाचा वृद्ध, एके काळी टॉवरच्या छळकोठडीत मोडून टाकलेला माणूस, शार्डलेकला सांगतो की ती कबुली कशी काढण्यात आली. कार्थुजियन पंथीयांनी राजाचे धार्मिक वर्चस्व नाकारल्याबद्दल १५३५ पासून जे भोगले, ते इतिहासात नमूद आहे. त्यामुळे जेरोम हे पात्र काल्पनिक असले तरी त्याची व्यथा काल्पनिक वाटत नाही. पॉल के या नटाने हा जेरोम विलक्षण ताकदीने उभा केला आहे. एका प्रसंगात शार्डलेक आणि जेरोम समोरासमोर येतात तेव्हा दोन वाकलेली शरीरे आपल्याला दिसतात. एक बालपणापासून वाकलेले आहे आणि दुसरे राज्यसत्तेने वाकविलेले आहे. संवादांनी जे साधले नसते ते येथे नुसत्या दृश्याने साधले आहे.

येथेच रहस्यकथेचा साचा मोडतो. ज्या क्रॉमवेलकडे शार्डलेकने आपला अहवाल सादर करायचा, त्याच्याच दफ्तरात आधी रचल्या गेलेल्या एका असत्यातून हा खून जन्मास आला आहे. सत्य शोधून काढले तरी ते द्यायचे कोणाला? हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उभा राहतो, आणि आमच्या मते या मालिकेचे खरे यश ते हेच.

आम्हां बडोदेकरांना हा प्रश्न सर्वस्वी परका वाटू नये. नोव्हेंबर १८७४ मध्ये येथील रेसिडेंट कर्नल फेअर याच्या सरबतात विष मिळाल्याचा बोभाटा झाला आणि मल्हारराव गायकवाडांवर आळ आला. १८७५ साली सहा जणांचा आयोग बसला. त्यात तीन इंग्रज होते आणि तीन हिंदी : ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. तिन्ही इंग्रज सदस्यांना आरोप सिद्ध झाल्याचे वाटले, तिन्ही हिंदी सदस्यांना तसे वाटले नाही. मते समसमान पडली आणि तरीही एप्रिलमध्ये मल्हारराव पदच्युत झाले; कारण सांगण्यात आले ते गैरकारभाराचे. मल्हाररावांच्या कारभाराची तरफदारी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. त्यांचा कारभार निंद्य होता, याबद्दल दुमत नसावे. परंतु आयोगाचे मत काहीही पडले असते तरी शेवट तोच झाला असता, ही शंका दीडशे वर्षांनंतरही पुसली जात नाही. शार्डलेकचा मठ दूरच्या समुद्रकिनाऱ्यावर असला तरी त्याची वाट आपल्या वाड्यांच्या आसपासूनच जाते, ती अशी.

आता मालिकेच्या उणिवांकडे वळू. मूळ कादंबरी आणि मालिका यांत जो सर्वांत मोठा फरक आहे, त्यानेच मालिकेचे नुकसान केले आहे, असे आमचे मत झाले आहे. कादंबरीत शार्डलेकसोबत जातो तो मार्क पोअर नावाचा तरुण. तो शार्डलेकच्या वडिलांच्या शेतीवरील कारभाऱ्याचा मुलगा. शार्डलेकने त्याला मुलासारखे वागविले, नोकरीस लावले, त्याच्याकडून अपेक्षा ठेवल्या. मठात जे घडते त्याने या दोघांमधील नात्याची परीक्षा होते आणि सुधारणेवरील शार्डलेकच्या श्रद्धेस पडलेली भेग घरातील माणसावरील विश्वासालाही पडते. मालिकेने मार्क पोअरला गाळून जॅक बॅरक या पात्रास आणले आहे. बॅरक हा मुळात या लेखमालेतील दुसऱ्या, म्हणजे २००४ सालच्या 'डार्क फायर' या कादंबरीत प्रवेश करतो. त्यास अलीकडे ओढण्यामागील व्यावहारिक हिशेब उघड आहे. एक बुद्धिमान आणि एक दांडगट अशी जोडी पडद्यावर शोभते, नोकझोक रंगते. आणि अँथनी बॉइल या नटाने बॅरकच्या उर्मटपणात एक लाघव आणले आहे, हेही कबूल केले पाहिजे. पण बॅरक हा क्रॉमवेलने पाळतीसाठी दिलेला माणूस आहे. त्याच्यावर शार्डलेकने विश्वास टाकावा असे मुळात काही नाही. त्यामुळे विश्वास तुटण्याचे दुःखही नाही. जेथे पितापुत्रांसारखी शोकान्तिका होती, तेथे दोन सहकाऱ्यांची कुरबूर आली.

दुसरी उणीव याहून सूक्ष्म आहे. कादंबरीतील शार्डलेक सुधारणेचा मनापासून कैवारी आहे. मठांत खोट्या अवशेषांचा बाजार मांडला जातो, भाबड्या जनांची लूट होते, हे सारे थांबले पाहिजे, असे त्यास खरोखर वाटते. क्रॉमवेलमध्ये तो केवळ वरिष्ठ पाहत नाही. एका नव्या, अधिक न्यायी इंग्लंडची आशा पाहतो. म्हणूनच त्याचा भ्रमनिरास हा त्या कादंबरीचा कणा होतो. मालिकेतील शार्डलेक पहिल्या भागापासूनच एकाकी, सावध आणि काहीसा कडवट दिसतो. त्याची श्रद्धा पुसट राहिल्यामुळे ती ढासळताना आपल्याला फारसा धक्का बसत नाही. ज्याने कधी विश्वासच ठेवला नाही, त्याची फसवणूक ती काय होणार? चार भागांच्या मर्यादेत सर्व बसविणे कठीण होते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु घोडदौडी, काळोख्या गल्ल्या आणि तलवारींचे चमकणे यांना दिलेल्या वेळातून दहा मिनिटे या श्रद्धेस देता आली असती. याच घाईत मठवासीयांचेही नुकसान झाले आहे. पुस्तकात प्रत्येक मठवासी आपल्या स्वभावानिशी वेगळा ओळखू येतो. पडद्यावर काही जण एकाच झग्यात वावरणाऱ्या छायांसारखे भासतात.

क्रॉमवेलच्या चित्रणाविषयी स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे. हिलरी मँटेल यांच्या 'वुल्फ हॉल' या २००९ सालच्या कादंबरीने आणि तीवर बीबीसीने २०१५ साली केलेल्या मालिकेने क्रॉमवेलविषयी सुशिक्षित वाचकांचे मत बरेच पालटले. तेथील क्रॉमवेल, मार्क रायलन्स यांच्या अभिनयामुळे, शांत, चतुर, कुटुंबवत्सल आणि काहीसा आपलासा वाटणारा झाला. 'शार्डलेक'मधील शॉन बीन यांचा क्रॉमवेल नेमका उलट आहे. तो मोजक्या प्रसंगांत येतो, हळू बोलतो आणि त्याच्या सौजन्याचीच भीती वाटते. या दोन क्रॉमवेलांपैकी खरा कोणता, असा वाद घालण्यात आम्हांस स्वारस्य नाही. मँटेल यांनी तो मेजामागे बसलेल्याच्या दृष्टीने पाहिला आणि सॅन्सम यांनी मेजासमोर उभे असलेल्याच्या दृष्टीने पाहिला, इतकेच. ज्यांना दोन्ही बाजूंचा अनुभव आहे ते दोन्ही चित्रे खरी मानतील. इतिहासाने या गृहस्थाचा शेवट ज्या रीतीने केला तीही येथे आठवण्याजोगी आहे. २८ जुलै १५४० रोजी क्रॉमवेलचा शिरच्छेद झाला तो न्यायालयात खटला न चालविता, थेट पार्लमेंटने संमत केलेल्या दोषारोपाच्या विधेयकान्वये. खटल्याआधी निकाल लिहून ठेवणाऱ्याच्या वाट्यास निकाल आला, खटला आलाच नाही.

शार्डलेकची भूमिका करणारे आर्थर ह्यूज हे या मालिकेचे सर्वांत मोठे बलस्थान आहे. ह्यूज यांच्या एका हातास जन्मतः व्यंग आहे. २०२२ साली रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या रंगमंचावर त्यांनी तिसऱ्या रिचर्डची भूमिका केली होती. त्या कंपनीने ही भूमिका अपंग नटास देण्याची ती पहिलीच वेळ. इंग्रजी नाट्यपरंपरेत कुबड हे दुष्टतेचे चिन्ह मानले गेले, ते मुख्यतः याच रिचर्डमुळे. तोच नट येथे कुबड असलेल्या सज्जनाची भूमिका करतो, हा योग अर्थपूर्ण आहे. रस्त्यावरील लोक शार्डलेककडे पाहून अपशकुन झाल्यासारखे तोंड फिरवितात, वरिष्ठ त्यास हिणवितात, आणि ह्यूज हे सर्व एका ताठ मानेने सोसतात. कीव मागणारा एकही हावभाव त्यांच्या अभिनयात नाही. चौकशी करणाऱ्यास लागणारा चिवटपणा त्यांनी डोळ्यांतून व्यक्त केला आहे.

मालिकेचे चित्रीकरण इंग्लंडात झालेले नाही. हंगेरी, ऑस्ट्रिया आणि रोमानिया या देशांत झाले आहे. यामागे खर्चाचा हिशेब असेल. आम्हांस मात्र त्यात एक निराळा अर्थ दिसला. जे मठ क्रॉमवेलने बुडविले, त्यांच्या छपरांवरील शिसे वितळवून विकण्यात आले, घंटा मोडीत निघाल्या, ग्रंथसंग्रहांची पांगापांग झाली, दगड आसपासच्या हवेल्यांना लागले. कादंबरीच्या अखेरीस शार्डलेक पुन्हा स्कार्नसीला जातो तेव्हा मठाची ही पाडापाडी चालू असते. ते दृश्य सॅन्सम यांनी अत्यंत संयमाने लिहिले आहे. शोक नाही, विजयही नाही, केवळ कामगारांचे आवाज आहेत. आपल्यापैकी जे गोमंतकीय आहेत त्यांना जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाचे भग्नावशेष परिचित असतील. पोर्तुगीज सरकारने १८३५ साली गोव्यातील धार्मिक संघ बरखास्त केले, वास्तू ओस पडली, १८४२ साली तिची कमान कोसळली, आणि आज उभा आहे तो मनोऱ्याचा एक अर्धवट सुळका. त्यापूर्वी तीन शतके त्याच भूमीवर देवळे पाडली गेली होती आणि देव रातोरात खाडीपलीकडे न्यावे लागले होते, हेही त्याच अवशेषांकडे पाहताना विसरता येत नाही. कोण कोणाची वास्तू पाडतो हे काळाप्रमाणे बदलते. मालमत्तेची यादी करणारा कारकून मात्र दोन्ही वेळी हजर असतो.

याच कारकुनाचा विचार मनात घोळत असता आम्हांस रामशास्त्री प्रभुणे यांचे स्मरण झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चौकशी रामशास्त्र्यांकडे आली आणि त्यांनी खुद्द सत्ताधारी राघोबादादांनाच दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले. मग ते पुणे सोडून निघून गेले. मराठी मनाने न्यायाधीशाचा आदर्श म्हणून हे चित्र दोन शतके जपले आहे, आणि ते जपण्याजोगेच आहे. परंतु रामशास्त्र्यांचे तेज सर्वांना पेलत नाही. निघून जाण्यास जागा असावी लागते, मान असावा लागतो, मागे राहणाऱ्यांची सोय असावी लागते. शार्डलेक निघून जात नाही. तो चौकशी अर्धवट टाकत नाही, सोयीचा माणूस धरून प्रकरण मिटवीत नाही, आणि जे सापडले ते वरिष्ठांच्या तोंडावर सांगतो. त्याचा उपयोग होणार नाही हे ठाऊक असूनही सांगतो. त्याने मठ वाचत नाही, मेलेले परत येत नाहीत. तरीही काय घडले हे निदान एका माणसाने नीट जाणून घेतले आणि नीट मांडले, एवढे उरते.

आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज गायकवाड, शिंदे, होळकर यांच्या अथवा निजामाच्या मुलुखात आले ते फडणीस, चिटणीस, वकील, मामलेदार म्हणून. त्यांतले रामशास्त्री किती होते, हे सांगणे कठीण आहे. पण प्रबळ धन्याच्या पदरी राहून, धन्यास नको असलेली गोष्ट दफ्तरात खरी नोंदवून ठेवणारे अनेक असले पाहिजेत. नाहीतर आज इतिहासकारांच्या हाती कागदच लागले नसते. मराठी ऐतिहासिक कादंबरीने राजे आणि सेनापती यांना भरभरून दिले. या दफ्तरातल्या माणसाकडे, त्याच्या रोजच्या लहानशा धैर्याकडे आणि त्याहून मोठ्या तडजोडींकडे, तिने फारसे पाहिले नाही. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर येथील रुमालांत अशा कथा आजही बांधून पडल्या आहेत. सॅन्सम यांनी इंग्लंडच्या कागदांतून जे केले ते आपल्या कागदांतून करणारा लेखक मराठीस लाभावा, अशी इच्छा ही मालिका पाहून आमच्या मनात आली.

सभासदांनी मालिका अवश्य पाहावी, परंतु तेवढ्यावर थांबू नये. आधी कादंबरी वाचून मग मालिका पाहिली तर पात्रांतील बदल खटकतील. आधी मालिका पाहून मग कादंबरी वाचली तर पुस्तक अधिक समृद्ध वाटेल. आम्ही दुसरा क्रम सुचवू. घरातील तरुण मंडळी सोबत बसली तर आणखी उत्तम. त्यांना खुनी कोण याचे कुतूहल असेल. ते फिटले की अहवाल कोणाकडे गेला आणि त्याचे पुढे काय झाले, हे वडीलधाऱ्यांनी त्यांना विचारावे.